मॅरेथॉनमध्ये पाणी किती प्यावं? शंभर वर्षांच्या उलटसुलट सल्ल्याची गोष्ट

दिवाळी संपून पहाटे गारवा जाणवायला लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, जानेवारीत मॅरेथॉनला नाव दिलंय. पळताना पाणी किती प्यायचं?" विचारणाऱ्यांत आयटीतली तरुण मंडळी असतात, निवृत्तीनंतर पळायला लागलेले काका असतात, आणि हल्ली पन्नाशीच्या पुढच्या भगिनीही बऱ्याच असतात. बहुतेकांना आधीच दोन सल्ले मिळालेले असतात. शाळेतल्या पीटीच्या सरांनी सांगितलेलं असतं, "पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात कळ येते." जिममधला ट्रेनर सांगतो, "तहान लागायची वाटच बघू नका, आधीच पीत राहा." दोन्ही सल्ले एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि गंमत म्हणजे आपापल्या काळात दोन्ही तज्ज्ञांनीच दिलेले आहेत. दोन्हींमुळे माणसं दगावलीही आहेत. म्हणून आज थेट उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगतो. तो कळला की उत्तर पाठ करावं लागत नाही.

(फिडिपिडीसची गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवतो. तो मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सला धावत आला आणि विजयाची बातमी सांगून कोसळला, असं आपण ऐकलेलं असतं. पण त्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या हेरोडोटसनं त्याच्या अथेन्स ते स्पार्टा धावण्याबद्दल लिहिलंय, या मरणाबद्दल नाही.)

आपली गोष्ट सुरू होते ३० ऑगस्ट १९०४ रोजी, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. ऑलिम्पिकची मॅरेथॉन होती, सुमारे ४० किलोमीटरची. वेळ भर दुपारची, तापमान ३२ अंशांच्या घरात, रस्ते कच्चे, आणि पुढे चाललेल्या मोटारींची धूळ थेट धावपटूंच्या नाकातोंडात. या एवढ्या अंतरात पाणी मिळण्याच्या जागा होत्या दोन: एक सुमारे दहा किलोमीटरवर, दुसरी सुमारे एकोणीस किलोमीटरवरची विहीर. ही व्यवस्थेतली चूक नव्हती. मुख्य संयोजक जेम्स सलिव्हन यांना शरीराला पाणी कमी मिळालं तर काय होतं हे पाहायचं होतं. म्हणजे स्पर्धा आणि प्रयोग एकाच दिवशी उरकले.

निकाल असा लागला: ३२ जण धावायला उभे राहिले, त्यातले १४ शेवटपर्यंत पोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्याच्या कडेला बेशुद्ध सापडला. पोटात गेलेल्या धुळीनं त्याला आतून रक्तस्राव झाला होता. जिंकला थॉमस हिक्स. वाटेत तो पाणी मागत होता, पण सोबतच्यांनी पाणी प्यायला न देता नुसतं तोंड ओलं करून दिलं. त्याऐवजी दिलं काय, तर अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन. स्ट्रिक्निन म्हणजे काजऱ्याच्या, ज्याला आपण कुचला म्हणतो त्याच्या, बियांमधलं विष. त्या काळी ते थोड्या मात्रेत उत्तेजक म्हणून वापरत. शेवटच्या टप्प्यात हिक्सला भास व्हायला लागले होते. त्याची वेळ होती ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंद, आणि त्याला शुद्धीवर आणायला डॉक्टरांची फौज लागली. पण मला जास्त बोचतं ते हे की एवढं होऊनही या सगळ्याचा अर्थ "पाणी द्यायला हवं होतं" असा कुणी काढला नाही. माणूस जिंकला ना, मग पद्धत बरोबरच असणार!

आठ वर्षांनी, १४ जुलै १९१२ रोजी, स्टॉकहोममध्ये पुन्हा कडक ऊन होतं. ६८ जण धावायला उभे राहिले आणि जवळपास निम्म्यांनी वाटेत शर्यत सोडली. त्यात जपानचा शिझो कानाकुरी होता. तो एका कुटुंबाच्या बागेत थांबला आणि अधिकाऱ्यांना न कळवताच परतला. १९६७ साली त्याला बोलावून शर्यत पूर्ण करायला लावली. वेळ नोंदली गेली ५४ वर्षांहून अधिक! पण पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारोची गोष्ट हसण्यासारखी नाही. तो साधारण तिसाव्या किलोमीटरजवळ कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिम्पिकमधला हा पहिला मृत्यू. उन्हापासून बचाव म्हणून त्यानं अंगाला मेणासारखा चिकट लेप लावला होता असं सांगतात. तसं असेल तर घाम वाळायची वाटच बंद झाली. लक्षात घ्या, घाम येण्यानं शरीर थंड होत नाही, घाम वाळण्यानं होतं. हा मुद्दा मुंबईकरांसाठी पुढे कामाला येणार आहे.

आता थोडं आपल्याकडे वळू. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा भरत, आणि दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. खेड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धावताना त्यांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्टला ते मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. ही मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिम्पिकमधली आजवरची सर्वांत लांब. आपल्या घरातल्या घड्याळाशी ही वेळ लावून बघा, म्हणजे या माणसानं काय केलं ते कळेल.

चौगुल्यांना मी इथे आणलं ते अभिमानापोटी, हे खरंच. पण डॉक्टर म्हणून आणखी एक कारण आहे. अँटवर्पला त्या दिवशी हवा गार आणि पावसाळी होती. तिथे सेंट लुईससारखी माणसं कोसळली नाहीत. चारच वर्षांनी, १९२४ साली, पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये भर उन्हात जेमतेम दहा किलोमीटरची क्रॉसकंट्री शर्यत झाली, तेव्हा ३८ पैकी फक्त १५ जण शेवटपर्यंत टिकले. माणसाला आडवं पाडतं ते अंतर कमी आणि उष्णता जास्त. आमच्या व्यवसायाला हे नीट पटायला आणखी कित्येक वर्षं लागली.

त्याच १९२४ साली अमेरिकेत मात्र एक शहाणपणाची गोष्ट घडली. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लिव्हाइन आणि त्यांचे सहकारी बोस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंचं रक्त तपासत होते. गळून गेलेल्या, गोंधळलेल्या धावपटूंच्या रक्तातली साखर बरीच उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना भरपूर पिष्टमय जेवण घ्यायला आणि शर्यतीत गोड गोळ्या खायला सांगितलं. फरक दिसला. तो सल्ला आजही टिकून आहे, कारण त्यांनी आधी मोजलं आणि मग सांगितलं. पाण्याच्या बाबतीत उलटं झालं. आधी सांगितलं, आणि मोजायला पन्नास वर्षं घेतली.

तोवर पाणी न पिणं हे मर्दानगीचं लक्षण मानलं जात होतं. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिले १५ किलोमीटर संयोजकांकडून काही मिळत नसे, पुढे दर पाच किलोमीटरला, आणि स्वतःचं काही घेण्याची परवानगी नव्हती. पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९५४ रोजी व्हँकुव्हरला इंग्लंडचा जिम पीटर्स स्टेडियममध्ये शिरला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या सतरा मिनिटं पुढे होता. त्या काळचा जगातला सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू तो. उरलेल्या शेवटच्या थोडक्या अंतरात तो पुन्हा पुन्हा पडला, उठला, झिंगल्यासारखा चालला. सुमारे अकरा मिनिटं हे चाललं, आणि खरी शेवटची रेषा त्यानं गाठलीच नाही. त्यानंतर तो कधीही शर्यतीत उतरला नाही. पळताना द्रवपदार्थांशिवाय भागवायचा प्रयत्न करावा, हे त्याचं स्वतःचं मत होतं.

बदल आला तो एका अनपेक्षित जागेहून, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतून. खोल खाणीत हवा गरम आणि दमट, मजूर उष्माघातानं मरत. तिथल्या संशोधकांनी मजुरांना उष्णतेची सवय कशी लावायची याचा अभ्यास केला. रोज थोडं थोडं काम वाढवत नेलं तर साधारण दहा ते चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं. घाम लवकर आणि जास्त सुटतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यातले विंडम आणि स्ट्रायडम हे दोघं नंतर धावपटूंकडे वळले. मॅरेथॉनमध्ये पुरेसं पाणी न पिणं किती धोक्याचं आहे, हा त्यांचा लेख १९६९ साली प्रसिद्ध झाला. याच सुमारास, १९६५ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी मीठ-साखरेचं पेय तयार केलं. गेटोरेड ते हेच. मग अमेरिकेत लोकांनी सकाळ-संध्याकाळ पळायला सुरुवात केली आणि लाखो नवे धावपटू तयार झाले.

इथून लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पाणी पिणं चांगलं, मग जास्त पिणं आणखी चांगलं! १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं धावपटूंना सल्ला दिला की घामावाटे जातं तेवढं सगळं पाणी भरून काढा, किंवा पोट सहन करील तितकं जास्तीत जास्त प्या. ताशी ६०० ते १२०० मिलीलिटर. दोन तास दहा मिनिटांत मॅरेथॉन संपवणाऱ्याला एवढं पिणं जमतच नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पाच-सहा तास रमतगमत पळणाऱ्यांचं. त्यांना घाम तुलनेनं कमी, वेळ भरपूर, आणि वाटेत दर थोड्या अंतरावर पाण्याचं टेबल. म्हणजे तुमचं आणि तुमच्या ग्रुपचं.

धोक्याची घंटा मात्र आधीच वाजली होती. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्गच्या दरम्यान सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे आणि तशाच इतर लांब शर्यतींत काही धावपटू गोंधळून, झटके येऊन दवाखान्यात दाखल झाले. पाहणाऱ्याला वाटावं, पाणी कमी पडलं. रक्त तपासलं तर सोडियम धोकादायक खाली. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली असे चार रुग्ण प्रसिद्ध केले आणि निदान दिलं: पाण्याची विषबाधा. जास्त पाण्यानं. जगानं तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. २००२ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू याच कारणानं गेली. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचं रक्त शेवटच्या रेषेजवळ तपासलं गेलं होतं. २००५ साली आकडे आले: १३ टक्के लोकांचं सोडियम कमी होतं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. कुणाचं कमी होतं? ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं, ज्यांना चार तासांहून जास्त लागले होते. ते साधं पाणी प्यायले की स्पोर्ट्स ड्रिंक, यानं फरक पडला नव्हता.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगतो. रक्तात सोडियमचं प्रमाण साधारण १३५ ते १४५ असतं. आपण एरवी दोन लिटर पाणी प्यायलो तर मूत्रपिंडं जास्तीचं लघवीवाटे काढून टाकतात. पण लांब पळताना शरीर संकटात असल्यासारखं वागतं आणि पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं. लघवी थांबते. मग प्यायलेलं पाणी आतच साचतं, रक्त पातळ होतं आणि पाणी पेशींमध्ये शिरतं. हातापायांवर सूज आली तर अंगठी घट्ट होते, एवढंच. मेंदू मात्र कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. डोकेदुखी, मळमळ, उलटी, विचित्र वागणं, मग झटके. आता विचार करा, अशा माणसाला कुणी "डिहायड्रेशन झालंय" म्हणून आणखी पाणी पाजलं किंवा साधं सलाईन लावलं तर? त्याला हवं असतं तीव्र मिठाचं सलाईन, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि बाटलीतली रंगीत पेयं? त्यांत सोडियम रक्तापेक्षा कितीतरी कमी असतं. ती पाण्यासारखीच प्यायलात तर पाण्यासारखीच अंगाशी येतात.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर: तहान लागली की प्या, नसेल तर टेबल दिसलं म्हणून पिऊ नका. तहान हे लाखो वर्षं चाललेलं यंत्र आहे, त्यावर माझा कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त विश्वास आहे. आकडा हवाच असेल तर स्वतःचा काढा. सरावाच्या दिवशी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा, शर्यतीच्या वेगानं तासभर पळा, घाम पुसून पुन्हा वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला; मध्ये काही प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. शर्यतीत एवढं सगळं भरून काढायचं नाही. शेवटी वजन थोडं कमी भरलं तर ठीक, वाढलं तर तुम्ही जास्त प्यायलात.

पुण्या-नाशिकच्या मंडळींना एक वेगळी सूचना. तुम्ही डिसेंबरच्या कोरड्या थंडीत सराव करता आणि जानेवारीत मुंबईला येता. पहाटे निघताना छान वाटतं, पण हळू पळणाऱ्याला नऊ-दहा वाजतात. तोवर ऊन चढलेलं असतं आणि समुद्राच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. लाझारोचा लेप आठवा. खाणीतल्या मजुरांना लागले तसे दहा-बारा दिवस तुम्हालाही लागतील. शेवटचे दोन आठवडे काही सराव जरा उशिरा, सूर्य वर आल्यावर, कमी वेगानं करा. ते जमलं नाही तर शर्यतीत वेळेचा हट्ट सोडा. आणि आठवडाभरात ताप किंवा जुलाब झाले असतील तर त्या वर्षी टी-शर्ट घालून टाळ्या वाजवायला जा.

पळणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, भलत्याच दिशेला वळला, चिडून हात झटकायला लागला, तर तो उष्माघात समजून धावपळ करा. अंग घामानं ओलं आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टच्या उकाड्यात फॅलमाउथची सुमारे ११ किलोमीटरची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले आणि सगळेच्या सगळे वाचले. औषध काय, तर बर्फाच्या पाण्यानं भरलेला टब, जागेवरच. आधी थंड करा, मग रुग्णवाहिकेत घाला. टब नसेल तर सावलीत घ्या, अंगावर सतत गार पाणी ओता, ओल्या चादरी आणि वारा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. याउलट, शेवटची रेषा ओलांडून थांबताच चक्कर येऊन पडलेला माणूस नीट बोलत असेल, तर बहुधा पायांत रक्त साचलेलं असतं. आडवा करून पाय वर धरा. बहुतेक जण काही मिनिटांत उठून फोटो मागतात.

हृदयाबद्दल स्वतंत्र लिहीन, पण दोन गोष्टी आताच. १९८४ साली जिम फिक्स, अमेरिकेला पळायला शिकवणाऱ्या १९७७ च्या गाजलेल्या पुस्तकाचा लेखक, ५२ व्या वर्षी पळतानाच हृदयविकारानं गेला. त्याच्या वडिलांना ३५ व्या वर्षी झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते. पळण्यानं घराण्याचा इतिहास पुसला जात नाही. दुसरी बाजूही सांगतो: २००० ते २०१० दरम्यान अमेरिकेत सुमारे १ कोटी ९ लाख लोक मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावले, त्यांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना घडल्या. धोका फार थोडा, पण त्या ५९ पैकी ४२ जण गेले. चाळिशी ओलांडली असेल, बीपी, मधुमेह किंवा घरात लवकर आलेला हार्ट अटॅक असेल, किंवा चढावर छातीत दाब जाणवत असेल, तर महिनाभर आधी या. शर्यतीच्या आदल्या दिवशी नको.

येताना गोळ्यांची पट्टीही आणा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे लघवी जास्त होते आणि सोडियमही घटतं. त्या परस्पर बंद करू नका, पण मला माहीत असायला हवं. मधुमेहाचं इन्सुलिन त्या दिवशी किती घ्यायचं हेही ठरवावं लागतं. गुडघा दुखेल म्हणून सकाळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन निघणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पाणी साठण्याचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. गुडघा गोळीशिवाय चालत नसेल तर त्या दिवशी ४२ किलोमीटर त्याच्याकडून मागू नका.

आणि छातीवर लावायचा नंबर मिळाला की त्याच्या मागच्या बाजूला पेनानं नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा. फोन असा लिहा जो त्या सकाळी कुणीतरी उचलेल. सोबत पळणाऱ्या बायकोचा किंवा नवऱ्याचा नको.